विश्लेषण : विदर्भाच्या उन्हात एसीपेक्षा कूलर शहाणा का?

एक पंखा, एक छोटा पंप आणि ओल्या ताट्या. एवढ्यावर चालणारे यंत्र ४४ अंशांची हवा २८ अंशांच्या आसपास कसे आणते? त्यातून वीज आणि पर्यावरणाचे नेमके काय वाचते? आणि पाण्याचा हिशेब कुठे अडतो?

होळी झाली की नागपूर, वर्धा, अकोला, चंद्रपुरात गच्चीवर किंवा जिन्याखाली झाकून ठेवलेले कूलर बाहेर निघतात. टाकी घासली जाते, पंप चालतो का ते पाहिले जाते, जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या जातात. पत्र्याचा कूलर खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढला की त्या घराचा उन्हाळा सुरू झाला असे समजायचे. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात कूलरला कुणी चैनीची वस्तू म्हणत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र चित्र बदलते आहे. एसी हप्त्यांवर मिळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्यावरील जीएसटीही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एसी परवडत नाही तोवरची तडजोड म्हणजे कूलर, ही समजूत त्यामुळे आणखी पक्की होत चालली आहे. पगार वाढला, नवा फ्लॅट घेतला, की कूलर भंगारात आणि एसी भिंतीवर.

हवेचे शास्त्र वेगळेच सांगते. ज्या प्रदेशात उन्हाळा कडक आणि हवा कोरडी असते, तिथे कूलर हे हवामानाला साजेसे यंत्र आहे. त्याच्या नावावर जे दोष सांगितले जातात, त्यांतले बरेचसे यंत्राचे नाहीतच. घरे बांधणारे, पाण्याचे नियोजन करणारे आणि धोरण आखणारे यांनी कूलरचा कधी गांभीर्याने विचारच केला नाही, याचे ते परिणाम आहेत. ते कसे, हे समजून घेऊ.

कूलर हवा थंड कशी करतो?

माठातले पाणी जसे गार होते, तशीच. माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता माठातल्या पाण्यातूनच घेतली जाते, म्हणून उरलेले पाणी गार होते. घाम आल्यावर वाऱ्याची झुळूक गार वाटते, त्यामागेही हेच कारण आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला ‘बाष्पनाचा अप्रकट उष्मा’ म्हटले आहे.

कूलरमध्ये या क्रियेला यंत्राची जोड मिळते. टाकीतला छोटा पंप पाणी वर चढवतो आणि ते तिन्ही बाजूंच्या ताट्यांवर सोडतो. ताट्या भिजतात. मधला पंखा बाहेरची गरम, कोरडी हवा या ओल्या ताट्यांतून आत ओढतो. हवा जाता जाता ताट्यांमधले पाणी उचलते, त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेसाठी लागलेली उष्णता हवेच्या खिशातून जाते. खोलीत येणारी हवा थंड आणि थोडी दमट असते.

आपल्याकडे हे तंत्र जुने आहे. दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारण्याची पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. अकबराच्या काळात वाळ्याच्या ताट्या लावलेल्या खोल्या होत्या, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. तेव्हा पाणी मारायला माणसे होती आणि वारा यायची वाट पाहावी लागे. आता ती दोन्ही कामे पंप आणि पंखा करतात.

एका लिटर पाण्यात किती थंडावा असतो?

हा आकडा थक्क करणारा आहे. उन्हाळ्याच्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. विजेच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ०.६७ युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना तासाभरात खोलीतून जेवढी उष्णता काढतो, तेवढी शोषायला जेमतेम आठ लिटर पाण्याचे बाष्पीभवन पुरते.

एसीमध्ये हे काम कॉम्प्रेसर करतो आणि त्यासाठी भरपूर वीज घेतो. कूलरमध्ये तेच काम कोरडी हवा फुकटात करते. विजेची गरज फक्त हवा ढकलायला आणि पाणी चढवायला लागते. कूलरचे अर्थशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या एका फरकावर उभे आहे.

मग कूलर कुठे चालतो आणि कुठे फसतो?

याचे उत्तर हवेतल्या ओलाव्यात आहे. हवा आधीच ओलाव्याने भरलेली असेल, तर ती आणखी पाणी उचलणार नाही. बाष्पीभवन मंदावते आणि थंडावाही.

अभियंते यासाठी ‘वेट बल्ब तापमान’ पाहतात. तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून त्यावर वारा घातला की पारा जिथवर उतरतो, ते हे तापमान. नेहमीचा कूलर हवेला याच्याखाली कधीच नेऊ शकत नाही. साधे तापमान आणि वेट बल्ब तापमान यांच्यात जेवढे अंतर, तेवढी कूलरला मिळालेली मोकळी जागा. चांगल्या हनीकोंब पॅडचा कूलर या अंतरातले सुमारे ८० टक्के अंतर कापतो. गवताच्या जुन्या, दबलेल्या ताट्या यापेक्षा कमी.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर वेट बल्ब तापमान २३ अंशांच्या आसपास येते. मधले अंतर सुमारे २१ अंशांचे. त्याचे ८० टक्के म्हणजे जवळपास १६ ते १७ अंश. म्हणजे ४४ अंशांची हवा ताट्यांतून बाहेर पडताना २७ ते २८ अंशांची होते.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३९ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर कूलरची हवा २५ ते २६ अंशांवर येते. मुंबईत मात्र ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब तापमानच २८ अंशांच्या वर असते. कूलर जीव तोडून चालला तरी हवा जेमतेम चार-साडेचार अंशांनी उतरते आणि खोली पाण्याने भारल्यासारखी चिकट होते. म्हणून मुंबई, कोकण आणि गोव्यात कूलर समाधान देत नाही. तिथल्या माणसाने कूलरला नावे ठेवली तर ती त्याच्या हवेपुरती खरीच असतात.

विदर्भातही कूलरचा हंगाम ठरलेला आहे. जूनच्या मध्यावर मोसमी वारे आले की हवा दमट होते आणि त्याच कूलरची हवा नकोशी वाटू लागते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवणे हाच उपाय. मात्र तोवर अंगाची लाही करणारे अडीच-तीन महिने कूलरने निभावून नेलेले असतात.

वीज किती वाचते?

घरगुती कूलरचा पंखा आणि पंप मिळून साधारण २०० वॉट वीज घेतात. दिवसात दहा तास चालला तर दोन युनिट. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी विदर्भाच्या उन्हाळ्यात तासाला सरासरी एक युनिट घेतो असे धरले, तर दहा तासांचे दहा युनिट होतात. जुना किंवा कमी ताऱ्यांचा एसी याहून जास्त घेतो.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचे ७५ दिवस धरले, तर कूलरचा हिशेब १५० युनिटचा आणि एसीचा ७५० युनिटचा होतो. एका खोलीमागे, एका उन्हाळ्यात ६०० युनिटचा फरक. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. १०० युनिटनंतर दर बदलतो, ३०० नंतर पुन्हा बदलतो. त्यामुळे एसीचे युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात आणि बिल युनिटच्या प्रमाणापेक्षा जास्त फुगते.

विजेच्या आकड्यांत न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. २०० वॉटचा कूलर घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालतो. वीज गेली तरी दोन-चार तास निघतात. गच्चीवरचे सौर पॅनेलही त्याला दिवसा सहज पोसू शकते, आणि सूर्य सर्वांत तापलेला असतो तेव्हाच कूलरची गरजही सर्वांत जास्त असते. घरच्या साध्या इन्व्हर्टरला एसी झेपत नाही.

पर्यावरणाचा फायदा फक्त विजेपुरताच आहे का?

नाही. त्याचे तीन भाग पडतात.

पहिला भाग कोळशाचा. देशाच्या ग्रीडमधील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ६०० युनिट वाचले म्हणजे ४०० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड वाचला. विदर्भासाठी हा दूरचा हिशेब नाही. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर ही औष्णिक वीज केंद्रे विदर्भातच आहेत. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. विजेची मागणी वाढली की राख आणि धूर इथल्याच अंगणात पडतो.

दुसरा भाग एसीमधल्या वायूचा. सध्या घरगुती एसीत सर्रास वापरला जाणारा आर-३२ हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट तापमानवाढ घडवतो. आर-४१०ए हा वायू २,००० पटींहून अधिक. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर वायू असतो. गळती झाली, दुरुस्तीवाल्याने तो हवेत सोडून नवा भरला किंवा भंगारात एसी फोडला गेला, की काही क्षणांत शेकडो किलो कार्बन डायऑक्साइडइतके नुकसान होते. या वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ मध्ये किगाली करार झाला. भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. २०३२ पासून सुरुवात करून २०४७ पर्यंत या वायूंचा वापर ८० टक्क्यांहून अधिक घटवण्याची जबाबदारी देशावर आहे. कूलरमध्ये असा वायूच नसतो. त्यात असते ते साधे पाणी.

तिसरा भाग रस्त्यावरच्या माणसाचा. एसी उष्णता नाहीशी करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो, त्यात कॉम्प्रेसरने घेतलेली वीज उष्णतेच्या रूपात मिसळतो आणि सगळे बाहेर फेकतो. गल्लीत दोन्ही बाजूंना पन्नास एसींची बाहेरची यंत्रे असतील, तर ज्याच्या घरात एसी नाही त्याची रात्र अधिक तापते. भाजीवाला, रिक्षावाला, सिक्युरिटी गार्ड यांच्या वाट्याला ती गरम हवा येते. कूलर असे ओझे शेजाऱ्यावर टाकत नाही. त्याची हवा खोलीतून बाहेर पडते तेव्हाही बाहेरच्या उन्हापेक्षा थंडच असते.

पाण्याचे काय?

कूलरवरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. कूलर वीज वाचवतो, कारण तो पाणी खर्च करतो. महाराष्ट्रात ज्या भागात कूलर उत्तम चालतो, त्याच भागांत मे महिन्यात पाण्याची ओरड असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्या महिन्यात लातूरकराला कूलरचे फायदे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणेच झाले असते.

म्हणून हिशेब नीट मांडायला हवा. १० बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीत दर दोन मिनिटांना हवा पूर्ण बदलायची असेल, तर तासाला सुमारे एक हजार घनमीटर हवा पुरते. एवढी हवा देणारा कूलर मे महिन्यातल्या भर दुपारी तासाला सात-आठ लिटर पाणी उडवतो, रात्री त्याहून कमी. दहा तासांचे ६० ते ७० लिटर धरता येतील. पण त्याच खोलीला अनेक घरांत तिप्पट हवेचा जम्बो कूलर लावलेला असतो. तो भर दुपारी तासाला २० लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो, आणि खोली काही तिप्पट थंड होत नाही.

शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी दिवसाला १३५ लिटर या मापाने केले जाते. म्हणजे खोलीच्या मापाचा कूलर घरात अर्धा माणूस वाढल्याइतके पाणी मागतो आणि जम्बो कूलर एका माणसापेक्षा जास्त.

एसीचे पाणी दिसत नाही, पण तेही असते. औष्णिक वीज केंद्रांना एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरण्याची मर्यादा केंद्र सरकारने २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी घालून दिली. त्या दराने दहा युनिट वीज म्हणजे ३५ लिटरपर्यंत पाणी, तेही वीज केंद्राला पाणी देणाऱ्या धरणातले. तरीही खरे सांगायचे तर पाण्याच्या हिशेबात कूलर एसीपेक्षा महागच पडतो. मापातला कूलर दुपटीने, जम्बो कितीतरी पटींनी.

यातून दोन निष्कर्ष निघतात. ज्या गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो, तिथे कूलरचा सरसकट पुरस्कार करता येणार नाही. आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येते, तिथे योग्य मापाचा कूलर हा ६०० युनिट विजेच्या बदल्यात केलेला परवडणारा सौदा आहे. पावसाचे पाणी साठवणाऱ्या इमारतींना तर हा सौदा अधिक स्वस्त पडेल. पुरवठ्याचे शुद्ध केलेले पाणीच कूलरला लागते असे नाही. पाणी स्वच्छ आणि फार क्षारयुक्त नसावे, एवढेच.

डास आणि शॉक : हे धोके खरे आहेत का?

दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही टाळता येण्याजोगे आहेत.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि पाण्याविना कित्येक महिने टिकतात. त्यामुळे कडा घासून, टाकी वाळवून मगच पुन्हा भरायची. धोका खरा वाढतो तो पावसाळ्यात, कूलर बंद पडून टाकीत पाणी तसेच राहिल्यावर. हंगाम संपला की टाकी कोरडी करून झाकणे ही घरातल्या डेंग्यूविरोधी मोहिमेची पहिली पायरी आहे.

शॉकचा धोका याहून क्रूर आहे. कूलरमध्ये पाणी भरताना किंवा त्याला हात लागून मृत्यू झाल्याची बातमी विदर्भात जवळपास दर उन्हाळ्यात येते. अनेकदा बळी लहान मूल किंवा घरातली बाई असते, कारण पाणी भरण्याचे काम त्यांच्याकडे असते. पत्र्याचे अंग, ओली फरशी, अनवाणी पाय, पंपाची सोललेली वायर आणि अर्थिंग नसलेला प्लग असे सगळे एकत्र आले की २०० वॉटचे यंत्रही जीव घेते.

यावरचा उपाय महाग नाही. तीन पिनांचा प्लग, चालू स्थितीतले अर्थिंग आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे शरीरातून वीज वाहू लागताच क्षणार्धात पुरवठा तोडणारा स्विच. घरोघरी हे बसवणे अवघड नाही. तरीही भाड्याच्या खोल्यांमध्ये आणि जुन्या चाळींमध्ये अर्थिंगची वायर नुसती नावाला असते. दरवर्षी ‘काळजी घ्या’ असे आवाहन करण्यापेक्षा उन्हाळ्याआधी महिनाभर वस्त्यांमध्ये अर्थिंग तपासणीची मोहीम चालवली, तर जास्त जीव वाचतील.

कूलर लावूनही घरात उकडते, ते का?

बहुतेकदा कारण बंद खिडकी असते. एसीच्या सवयीने लोक कूलर लावून दारे-खिडक्या लावून घेतात. एसी तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलरचे गणित याच्या अगदी उलट आहे. तो जितकी हवा आत ढकलतो, तितकी दुसऱ्या बाजूने बाहेर जायला हवी. ती गेली नाही तर ओलावा साचतो, अर्ध्या तासात खोली दमट होते आणि दोष कूलरला जातो. कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवले की फरक लगेच जाणवतो.

दुसरे कारण म्हणजे खोलीच्या आत ठेवलेला कूलर. त्याला बाहेरची कोरडी हवा मिळतच नाही. तो आपलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. तिसरे कारण क्षार साचलेल्या ताट्या. बोअरवेलच्या पाण्याने ताट्यांवर पांढरा थर चढतो आणि हवेची वाट अडते. पाणी उडून जाते, क्षार मात्र टाकीत उरतात. म्हणून आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करणे हे डासांइतकेच ताट्यांच्या आयुष्यासाठीही गरजेचे आहे.

धोरणात कूलर कुठे आहे?

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये ‘इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन’ जाहीर केला. थंडाव्याची मागणी २०३७-३८ पर्यंत २० ते २५ टक्क्यांनी आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य त्यात आहे. एसीतल्या वायूंवर न चालणाऱ्या तंत्रज्ञानाला प्रोत्साहन देण्याचेही त्यात म्हटले आहे. कागदावर दिशा बरोबर आहे.

जमिनीवर मात्र शहरे उलट्या दिशेने बांधली जात आहेत. नव्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये एसीचा पॉइंट, त्याच्या पाण्याचा पाइप आणि बाहेरच्या यंत्राची जागा आधीच ठेवलेली असते. कूलरसाठी मजबूत कट्टा, तिथवर येणारा नळ, सांडपाण्याची वाट, हवा बाहेर जायला समोरासमोर खिडक्या यांचा पत्ता नसतो. सहाव्या मजल्यावर स्लायडिंग खिडकी असलेल्या घरात कूलर लावायचा तरी कुठे? अशा घरात एसी हा पर्याय उरत नाही, ती सक्ती होते. नकाशा मंजूर झाला त्याच दिवशी त्या कुटुंबाचे पुढच्या तीस वर्षांचे वीजबिल ठरून जाते.

राज्याच्या विकास नियंत्रण नियमांत पावसाचे पाणी साठवणे आणि सौर ऊर्जेवर पाणी तापवणे यांसाठी काही प्रकारच्या बांधकामांवर सक्ती आहे. त्याच धर्तीवर विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील निवासी इमारतींना कूलरची जागा, नळ आणि हवेची वाट ठेवण्याचा नियम करता येईल. बांधतानाच केले तर यासाठीचा खर्च किरकोळ आहे. नंतर भिंत फोडून करायचे तर कुणीच करत नाही.

सार्वजनिक इमारतींचा प्रश्न याहून मोठा आहे. उष्माघाताच्या लाटेत सर्वाधिक झळ बसते ती पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांना. त्यांच्याकडे फक्त छताचा पंखा असतो. हवा ४४ अंशांची असते आणि त्वचेचे तापमान ३५ च्या आसपास, तेव्हा पंखा माणसाच्या अंगावर गरम हवाच ओततो. अशा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एखादी अंगणवाडी, समाजमंदिर किंवा आरोग्य उपकेंद्र डक्ट कूलरने थंड ठेवलेले असेल, तर दुपारचे चार तास म्हातारी माणसे आणि लहान मुले तिथे काढू शकतील. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. त्यानंतर नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला. या आराखड्यांत सूचना, सावली आणि पाणपोया असतात. थंड खोल्यांची यादी आणि त्यांचा विजेचा, पाण्याचा खर्च कोण उचलणार हेही त्यांत लिहिलेले असायला हवे.

एसीचा विरोध करायचा का?

तसे म्हणण्याचे कारण नाही. मुंबईच्या दमट रात्री, शस्त्रक्रिया विभागात, औषधांच्या साठ्यासाठी, दम्याच्या किंवा अतिगंभीर रुग्णासाठी एसीच लागतो. विदर्भातही जुलैच्या उकाड्यात कूलर हात टेकतो. काही घरांत दोन्ही ठेवणे शहाणपणाचे आहे. कोरड्या महिन्यांत कूलर आणि दमट दिवसांत गरजेपुरता एसी.

आक्षेप आहे तो एकच माप सगळीकडे लावण्याला. जाहिरातीतला उन्हाळा सगळीकडे सारखा असतो, प्रत्यक्षातला नसतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार सध्याच्या गतीने गेले तर २०५० पर्यंत भारतात एसींची संख्या १०० कोटींच्या पुढे जाऊ शकते. त्यातले किती विदर्भासारख्या कोरड्या हवेच्या प्रदेशात लागतील, हे निसर्गाने अजून ठरवलेले नाही. ते आज मंजूर होणारे इमारतींचे नकाशे ठरवणार आहेत.

कूलर वापरताना हे लक्षात ठेवा

• कूलर खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत ठेवा. समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे असू द्या.
• खोलीच्या मापाचा कूलर घ्या. जम्बो कूलर पाणी आणि वीज दोन्ही वाया घालवतो.
• पाणी भरण्याआधी प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पायात रबरी चप्पल असू द्या.
• अर्थिंग तपासून घ्या आणि घराच्या मेन बोर्डवर आरसीसीबी बसवा.
• आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा, कडा घासा, वाळवा, मगच भरा. काढलेले पाणी अंगण धुवायला वापरता येते.
• ताट्यांवर पांढरा थर चढला की स्वच्छ करा. दबलेल्या, कुबट वासाच्या ताट्या बदला.
• हवा दमट झाली की पंप बंद करा आणि फक्त पंखा चालवा.
• हंगाम संपल्यावर टाकी पूर्ण कोरडी करून कूलर झाकून ठेवा.